वाचनालयातील बातमी-वाचनाचा वर्ग : चार रविवारांचा अनुभव

पश्चिम नागपुरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने या उन्हाळ्यात बातमी कशी वाचावी हे शिकवणारा चार रविवारांचा वर्ग घेतला, आणि शुल्क भरून मी तो पूर्ण केला. वेळ सकाळी दहा ते साडेबारा, शुल्क ४०० रुपये, आणि त्यातच कात्रणांच्या झेरॉक्स प्रती व मधल्या सुट्टीतील तर्री-पोहे आणि चहा. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारले की वर्तमानपत्र वाचायला कोणी पैसे देऊन शिकते का. चाळीस वर्षे रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या आणि बँकेच्या काउंटरवरून निवृत्त झालेल्या मलाही एरवी तसेच वाटले असते; पण मार्च २०२५ मध्ये माझ्या हातून एक चूक घडली आणि तिनेच मला या वर्गापर्यंत आणले. ती चूक तिसऱ्या रविवारच्या ओघात सांगते, कारण तिचा उलगडा तेथेच झाला.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात भरतो. आम्ही बावीस जण होतो. निम्म्याहून अधिक निवृत्तिवेतनधारक, चार-पाच महाविद्यालयीन मुलेमुली, दोन शिक्षिका आणि महाल भागातून येणारे एक किराणा दुकानदार काका. शिकवणारे गृहस्थ एका मराठी दैनिकात तीस वर्षांहून अधिक काळ उपसंपादक होते. रात्री दोन वाजता पान छपाईला सोडण्याची सवय अंगात मुरलेला हा माणूस सावकाश, नेमके आणि आवाज न चढवता बोलतो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की ते कोणत्या पक्षाचे, कोणत्या वर्तमानपत्राचे किंवा कोणत्या वाहिनीचे बरे-वाईट सांगायला आलेले नाहीत. चारही रविवार त्यांनी हा शब्द पाळला. अशा विषयावर बोलताना हे फार थोड्यांना जमते, म्हणून ते आवर्जून नोंदवते.

पहिल्या रविवारी बातमी वाचलीच नाही. प्रत्येकाच्या हाती त्या दिवसाचा एक अंक देऊन त्यांनी सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ शोधायला सांगितली. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचे ठिकाण सांगणारी, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेली ती ओळ मी चाळीस वर्षांत एकदाही वाचली नव्हती. ब्रिटिश सरकारच्या १८६७ च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव घालणे बंधनकारक केले, ते अर्थातच राज्यकर्त्यांना लिहिणाऱ्यांवर नजर ठेवता यावी म्हणून. परंतु त्याच ओळीमुळे वाचकालाही मजकुराचा धनी कोण हे कळू लागले. बातमी चुकली तर पत्र कोणाला लिहायचे, खुलासा कोणाकडे मागायचा, तक्रार कोणाविरुद्ध करायची, हे त्या ओळीवरून ठरते. १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रेस कौन्सिलकडे सामान्य वाचकही तक्रार करू शकतो, आणि कौन्सिलला दंड करता येत नसला तरी वर्तमानपत्राला ताकीद देता येते, हेही त्यांनी येथेच सांगितले. ‘धनी कोण?’ हा प्रश्न मग चारही रविवार वर्गात फिरत राहिला. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या मजकुराखाली अशी ओळ नसते, हे आम्हांला त्यांनी सांगावे लागले नाही. ते आपोआप ध्यानात आले.

त्याच दिवशी जाहिरात आणि बातमी यांतील सीमारेषा तपासली. पहिल्या पानावर पांघरलेली जॅकेट जाहिरात कोणालाही ओळखू येते. आतल्या पानांवर मात्र बातमीच्याच टंकात, बातमीसारख्याच मथळ्याखाली छापलेला आणि कोपऱ्यात ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असलेला मजकूर आमच्यापैकी चौदा जणांनी बातमी म्हणून वाचला होता. त्या अनुषंगाने २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचा दाखला आला. एका बड्या नेत्याची स्तुती करणारा मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता, आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणल्यानंतर ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घरोघरी पोहोचला. ज्यांनी त्या काळी एकच वर्तमानपत्र घेतले, त्यांना हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण प्रत्येक अंक स्वतंत्रपणे पाहिला तर निर्दोष दिसत होता. एकाहून अधिक वर्तमानपत्रे वाचण्याचे याहून सबळ कारण माझ्या ऐकण्यात नाही.

दुसरा रविवार हा या वर्गाचा सर्वांत समृद्ध भाग, आणि केवळ तेवढ्यासाठीसुद्धा मी ४०० रुपये पुन्हा भरीन. वाचनालयाने जपून ठेवलेल्या जुन्या फाइलींमधून त्यांनी ३१ मे २०२४ चे सहा अंक काढून टेबलावर मांडले. आदल्या दिवशी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले होते. ती दुपार आम्हां सर्वांना आठवत होती. घराघरांतून कूलरपुढे बसून लोकांनी तो आकडा एकमेकांना पाठवला होता, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन आले होते. उपसंपादक महाशयांनी आम्हांला प्रत्येक अंकात तीन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगितले : आकडा कुठे आहे, तो कोणी दिला असे म्हटले आहे, आणि त्याविषयीची शंका कितव्या ओळीत येते. एका अंकात आकडा मोठ्या मथळ्यात होता आणि शंका शेवटच्या परिच्छेदात; दुसऱ्यात दोन्ही पहिल्याच वाक्यात होत्या; तिसऱ्यात शंकेचा मागमूसही नव्हता. शब्द जवळजवळ तेच, माहितीही तीच, पण कोणती गोष्ट आधी ठेवली त्यावरून एका अंकाचा वाचक घाबरून उठला असणार आणि दुसऱ्याचा थांबून विचार करू लागला असणार. बातमीचा प्रभाव खोटेपणातून येतो, अशी माझी समजूत होती. तो मांडणीतूनही येतो, हे त्या पेन्सिलीच्या रेघांनी मला दाखवले.

त्यानंतर त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. भारतात आजवर नोंदवलेले सर्वाधिक तापमान राजस्थानातील फलोदी येथील, १९ मे २०१६ चे ५१ अंश. जगातील सर्वाधिक नोंद अमेरिकेतील डेथ व्हॅलीची, १९१३ मधील ५६.७ अंश. म्हणजे आमचे शहर एका दुपारी भारताचा विक्रम पाच अंशांनी मोडून वाळवंटातील जागतिक विक्रमाला टेकले होते, आणि तेही शहरातीलच दुसरे केंद्र ४४ अंशांच्या आसपास असताना! एकाच शहरात, एकाच दुपारी, दोन ठिकाणी बारा अंशांचा फरक पडेल का, हा प्रश्न विचारायला हवामानशास्त्राची पदवी लागत नाही. पुढे हवामान विभागाने तो आकडा संवेदकातील (सेन्सरमधील) बिघाडामुळे आल्याचे सांगितले. तापमान मोजण्याची प्रमाण पद्धत कोणती, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दीड मीटर उंचीवर तापमापक का ठेवतात, आणि गाडीतल्या किंवा बाल्कनीतल्या तापमापकाचा आकडा ‘शहराचे तापमान’ का ठरत नाही, हे सगळे त्यांनी वीस मिनिटांत समजावले. दुकानदार काका हळू आवाजात म्हणाले, “बाप्पा, मी तर तो आकडा दुकानाच्या पाटीवर खडूनं लिहून ठेवला होता.” कोणी हसले नाही, कारण आम्ही सर्वांनी तो कुठे ना कुठे लिहिलाच होता.

तिसरा रविवार भ्रमणध्वनीचा. सुरुवात राईनपाड्यापासून झाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील त्या गावात मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारले. ती माणसे भिक्षा मागत फिरत होती. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीमध्ये बालसुरक्षेसाठी केलेली जनजागृतीची फीत होती. मोटारसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतो आणि पालकांसाठीचा फलक दाखवतो, तो शेवटचा भाग कापून उरलेली फीत खरी घटना म्हणून पाठवली जात होती. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये अनेक हातांतून आलेला, दुहेरी बाणाची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. ती दुहेरी बाणाची खूण मी शेकडो वेळा पाहिली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता माझ्या चुकीविषयी. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी अफवा पसरून महाल भागात हिंसाचार झाला आणि शहरातील अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या रात्री मला एक चित्रफीत आली. वर्धा मार्गावरील, आमच्या वस्तीजवळच्या एका चौकात जाळपोळ सुरू आहे असे तिच्याखाली लिहिले होते. लोकांनी सावध राहावे या हेतूने मी ती आमच्या इमारतीच्या समूहावर पाठवली. तळमजल्यावरील माझ्या शेजारणीचा मुलगा मिहान या औद्योगिक परिसरात रात्रपाळीला होता आणि त्याच चौकातून घरी येणार होता. त्याच्या फोनची बॅटरी संपलेली. ती माउली पहाटेपर्यंत दारात उभी होती. मुलगा सुखरूप आला. वाटेत त्याला काहीही दिसले नव्हते. चित्रफीत कुठली तरी जुनी असावी एवढे पुढे समजले, पण ती खोटी असल्याचे मला त्याच क्षणी कळू शकले असते का, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

ती फीत मी जपून ठेवली होती. तिसऱ्या रविवारी आम्हांला आपापल्या फोनमधील एक शंकास्पद चित्र आणायला सांगितले होते, तेव्हा मी तीच आणली. आधी त्यांनी गूगल लेन्सवर चित्राचा उलट शोध कसा घ्यायचा ते शिकवले : चित्रफीत थांबवून स्क्रीनशॉट काढायचा, तो शोधात टाकायचा, आणि तेच दृश्य पूर्वी कुठे व कधी आले होते ते पाहायचे. त्यानंतर दुकानांच्या पाट्यांची लिपी, वाहनांचे क्रमांक, माणसांचे ऋतुमानानुसारचे कपडे अशा खुणा पाहायला सांगितले. नागपुरात ‘एमएच ३१’, ‘एमएच ४९’ किंवा ग्रामीणचा ‘एमएच ४०’ दिसायला हवा. माझ्या चित्रफितीतील एकही पाटी महाराष्ट्राची नव्हती. पण शिक्षकांनी त्याहून साधी गोष्ट दाखवली. “ताई, या व्हिडिओत वर मोकळं आभाळ दिसून राहिलं ना? आपल्या वर्धा रोडच्या त्या चौकात आभाळ दिसते का?” तेथे डोक्यावर उड्डाणपूल आहे आणि त्याच्याही वरून मेट्रो धावते. त्या दुमजली पुलाखालून मी रोज भाजी आणायला जाते. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर चौक होता आणि हातात चित्रफीत होती, तरी दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे मला सुचले नाही, कारण मी घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाला पाठवण्याची घाई असते. घरी आल्यावर मी शेजारणीकडे जाऊन हे सर्व सांगितले आणि इमारतीच्या समूहावर खुलासा लिहिला. खूप महिन्यांनी का होईना, त्या मजकुराला मी धनी झाले.

चौथा रविवार मात्र निराशा करून गेला. विषय मोठा होता : माध्यमे आपले मत घडवतात ते कसे. १९७२ साली मॅककोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास, अमेरिकेतील चॅपल हिल येथील मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात आणि तेथील माध्यमे कोणत्या प्रश्नांना जागा देतात यांतील साम्य दाखवणारा, त्यांनी दहा मिनिटांत उरकला. एखादे विधान वारंवार कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे दाखवणारा १९७७ चा प्रयोग तर दोन वाक्यांत संपला. वास्तविक हाच भाग सर्वांत खोलात जायला हवा होता. खोटी चित्रफीत शोधून काढता येते. पण रोज तोच विषय, तेच शब्द, त्याच समूहाविषयीचा तोच सूर सहा महिने ऐकल्यावर आपल्या मनात जे साचते, ते कोणत्याही लेन्सने शोधता येत नाही. त्यासाठी आणखी दोन रविवार द्यायला हवेत.

त्या दिवसाची उणीव काही प्रमाणात उत्तर नागपुरातील इंदोऱ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने भरून काढली. तिने विचारले की जे छापले आहे ते खरे की खोटे हे आपण चार आठवडे तपासले, पण जे छापलेच नाही ते कसे तपासायचे? १९२० साली ‘मूकनायक’ सुरू करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पहिल्याच अंकात लिहिले होते की मुंबई इलाख्यातील बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत आणि इतरांची त्यांना पर्वा नाही. हा मुद्दा तिने तोंडपाठ असल्यासारखा मांडला. त्यावर शिक्षकांनी १९४३ च्या पुण्यातील बाबासाहेबांच्या भाषणाची आठवण दिली, ज्यात त्यांनी भारतातील पत्रकारिता पूर्वी व्यवसाय होती, आता ती धंदा झाली आहे आणि साबण तयार करण्याहून अधिक नैतिक कार्य तिच्याकडे उरलेले नाही, असे म्हटले होते. मग आम्ही ३१ मे २०२४ चे तेच सहा अंक पुन्हा उघडले आणि शेतमजूर, सफाई कामगार, उत्तर नागपुरातील वस्त्या कितव्या पानावर आहेत ते पाहिले. वीस मिनिटांत वर्ग संपला. हा धडा वर्गाच्या आखणीतच असायला हवा होता. तो एका मुलीच्या धिटाईवर सोडायला नको होता.

दूरचित्रवाणीला या वर्गात जवळजवळ स्थान नाही, ही दुसरी मोठी त्रुटी. आमच्या घरात संध्याकाळी सात ते दहा वाहिन्या सुरू असतात, आणि बहुतेक घरांत तसेच असावे. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतरचे दिवस मला स्पष्ट आठवतात. दोन हजारांच्या नव्या नोटेत उपग्रहाला सापडणारी चिप आहे असे काही वृत्तवाहिन्यांनी सांगितले होते, आणि आमच्या काउंटरवर शिकलेसवरलेले लोक नोट उजेडाकडे धरून ती चिप दाखवा म्हणत. नोटेत होता तो तिरपा धरल्यावर हिरव्याचा निळा होणारा सुरक्षा धागा. पडद्यावर निवेदक आत्मविश्वासाने बोलतो, मागे संगीत वाजते, खाली पट्टी धावते. त्यात पेन्सिलीने रेघ मारायला थांबता येत नाही. अशा वेळी प्रेक्षकाने काय करावे, याचे उत्तर मला येथे मिळाले नाही.

एक गोष्ट मनाला लागली. शेवटच्या दिवशी दुकानदार काका उठताना म्हणाले, “म्हणजे कोणावरच भरवसा ठेवू नये, असंच ना?” शिक्षक घाईत होते, त्यांनी नुसतीच मान हलवली. मला तेव्हाच बोलायचे होते आणि मी गप्प बसले, म्हणून येथे लिहिते. काउंटरवर बसणाऱ्याने सगळ्याच नोटा खोट्या मानल्या तर त्याला दिवसभरात एक व्यवहार करता येणार नाही. आम्हांला प्रशिक्षणात खोट्या नोटांआधी खऱ्या नोटा हाताळायला देत, जलचिन्ह, धागा, बोटाला लागणारी उठावाची छपाई ओळखीची होईपर्यंत. ३१ मे २०२४ च्या ज्या अंकाने पहिल्याच वाक्यात आकड्याबरोबर शंकाही छापली, त्या अंकावर माझा भरवसा वाढला आहे, आणि तो का वाढला हे मी आता बोट ठेवून सांगू शकते. काकांना हे कोणीतरी सांगायला हवे होते.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. सभागृहाला लिफ्ट नाही आणि जिना उभा आहे. दोन कूलरपैकी एकाचा आवाज इतका मोठा आहे की मागच्या तीन रांगांना ऐकू येत नाही. पुढे बसायचे तर पावणेदहाला पोहोचावे. झेरॉक्स प्रतींतील बारीक अक्षर फिके आहे, चष्मा नक्की न्यावा. तिसऱ्या रविवारी फोन पूर्ण चार्ज करून न्यावा, कारण सभागृहात प्लग दोनच आहेत. पोहे उत्तम होते. पाचपैकी मी या वर्गाला चार गुण देते, आणि कापलेला एक गुण चौथ्या रविवारचा आहे.

निघताना वाचनालयाच्या सूचना-वहीत मी तीन गोष्टी लिहिल्या : वर्ग सहा रविवारांचा करावा, दूरचित्रवाणीसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळची तुकडी काढावी. पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे. तळमजल्यावरील माझ्या शेजारणीने तिच्यात नाव नोंदवले आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून पहिल्या रविवारी जिना चढायला मी तिच्यासोबत जाणार आहे.